तिसऱ्या गाण्यातलं दूध

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या बेंगळूरच्या मराठी मंडळाचा कणा असलेले माननीय शरच्चंद्रराव; माझ्या उजव्या हाताला बसलेले, आणि माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घालून आलेले यशवंतपूरचे नागोजीअण्णा; आज ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आदरणीय जमनाबाई, म्हणजे तुमच्या-आमच्या अक्का; समोर बसलेल्या मंडळाच्या भगिनी आणि बंधूंनो; आणि मागच्या दोन रांगांत काळे शर्ट घालून बसलेल्या, मराठीचं एक अक्षर न कळता वेळेवर हजर झालेल्या माझ्या मित्रांनो! हणमंतरावाचा सगळ्यांना नमस्कार. एल्लरिगू नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ते माझ्याकडे बघून हसताहेत, कारण गेल्या शिवजयंतीलाही त्यांनी दहाच दिली होती. शरच्चंद्रराव, आज मी शब्द पाळीन. म्हणजे प्रयत्न करीन.

या सभागृहात कीर्तनं झाली, हळदीकुंकू झालं, वधूवर मेळावे झाले. पण इंग्रजी रॉक संगीताच्या अल्बमला हार घातलेला इथं कुणी पाहिला नसेल. सकाळी अध्यक्षांनी हे टेबल पाहिलं. त्यावर ही सीडी, कव्हरवर बस स्टॉपवर उभी असलेली चार फिकट पोरं, तोंडं पाडून, आणि त्यांना मोगऱ्याचा हार. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं, आवाज उतरवला आणि विचारलं, "हणमंतराव, काय झालं हो? चौघंही एकदमच?"

नाही साहेब. चौघंही सुखरूप असावेत. हार आनंदाचा आहे. या चौघांच्या बँडचं नाव 'द ग्लास टेलर्स', आणि अल्बमचं नाव 'विंटर टाइमटेबल'. एक्क्याऐंशी साली इंग्लंडमधल्या एका कारखान्यांच्या गावात तो तयार झाला. तेव्हा तिकडं न्यू वेव्ह म्हणून एक लाट आली होती. केस वाढवून गिटार आपटणाऱ्यांचा जमाना जरा मागं पडला होता आणि ही नवी पोरं आली होती. केस नीट कापलेले, शर्टाची वरची गुंडी लावलेली, हातात स्वस्तातला सिंथेसायझर. बघणाऱ्याला वाटावं, ही बँकेची परीक्षा द्यायला आली आहेत.

आता तुम्ही विचाराल, यात एवढं काय आहे? भगिनींनो, मी काय सांगू! पहिल्या गाण्यात बास गिटार पुढं चालते आणि बाकी सगळे तिच्या मागून लगबगीनं येतात. गाणारा माणूस गात नाही, कुरकुरतो. बस आली नाही, थंडी आहे, ती बोलत नाही, कारखान्याचा भोंगा झाला, बस अजून आली नाही. पण त्या कुरकुरीत इतकी ऐट आहे, इतका ठेका आहे, की ऐकणाऱ्याला वाटतं, आपणही असंच छान कुरकुरावं. मी बोम्मसंद्र्याला पंपाच्या कारखान्यात काम करतो. पहाटे धुक्यात कंपनीच्या बसची वाट बघत मी आणि माझा मित्र गुंडो हे गाणं गुणगुणत उभे राहायचो आणि मला वाटायचं, ही चार पोरं होसूर रोडवर येऊन आम्हाला बघून गेली असणार. माझी बस यायची, गुंडोची होसकोट्याकडची यायचीच नाही. मग तो जास्त मनापासून गायचा.

हे झालं अल्बमचं. आता अक्कांचा आणि त्याचा संबंध काय?

ब्याऐंशी साल. गवीपुरम. अक्कांचा मुलगा गिरीराज तेव्हा पीयूसीला, म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीला होता. शेजाऱ्यांचा भाचा लंडनहून आला होता, त्याच्याकडं ही रेकॉर्ड होती आणि त्याच संध्याकाळी तो गाडीनं मद्रासला चालला होता. गिरीनं हातापाया पडून दुपारपुरती रेकॉर्ड मागून घेतली. रेकॉर्ड प्लेअर शेजाऱ्यांचा उचलून आणला. टेप म्हणजे घरातला टू-इन-वन. दोन्ही जोडायची वायर कुणाकडं नव्हती. म्हणून स्पीकरसमोर स्टूल, स्टुलावर टू-इन-वन, आणि त्याच्या त्या पुढच्या बारीक जाळीतून जे आत जाईल ते जाईल. गिरीनं खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. वडिलांना बगीच्यात फिरायला पाठवलं, ते बिचारे भर उन्हात जाऊन बसले. आणि आईला बजावलं, "अम्मा, काहीही झालं तरी आवाज करायचा नाही."

अक्कांनी आवाज केला नाही. दोन गाणी झाली. भांडं हललं नाही. आता तिसरं गाणं. ते मी तुम्हाला समजावून सांगतो, कारण आजचा सगळा कार्यक्रम त्यावर उभा आहे. तिसऱ्या गाण्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात. एकदम चिडीचूप. ऐकणारा श्वास धरून बसतो. मग ड्रम असा काही कोसळतो की अंगावर काटा येतो.

तर वाद्यं थांबली. आणि नेमक्या त्या शांततेत स्वयंपाकघरातून हाक आली.

"गिरीऽऽ! दूध उक्कलं रे!"

आपल्यात जे पुण्यामुंबईकडून आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो, दूध उतू गेलं की आमचे जुने बेंगळूरवाले 'उक्कलं' म्हणतात. कानडी शब्द आहे, साडेतीनशे वर्षांच्या शेजारानं आपला झालेला. हाक आली, पाठोपाठ पातेल्याचा खणखणाट, आणि लगेच ड्रम! एखाद्या कसलेल्या तबलजीनं समेवर यावं तशा अक्का आल्या. पण हे तेव्हा कुणाला कळणार? गिरी सतरा वर्षांचा. रेकॉर्ड तासाभरात परत द्यायची, पुन्हा भरून घ्यायला वेळ नाही. तो रडला, पाय आपटले आणि आईला म्हणाला, "तू माझं सगळं वाटोळं केलंस." आणि ती कॅसेट त्यानं वर्गातल्या एका मुलाला देऊन टाकली. ने म्हणाला, बिघडलेली आहे.

गिरी, मागं खांबाआड उभा राहू नकोस. सगळ्यांना दिसतोस.

ती बिघडलेली कॅसेट फिरत फिरत नागोजीअण्णांच्या दुकानात आली. अण्णा तेव्हा यशवंतपूरला कॅसेट भरून द्यायचे. पोरं यायची, कोऱ्या कॅसेट द्यायची, अण्णा भरायचे. त्यांना इंग्रजी संगीत कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण त्यांचा एक नियम होता. आलेल्या मालात हात घालायचा नाही. हाक आहे? असू दे. लंडनवाल्यांनी घातली असेल, आपण कोण काढणारे? अशा रीतीनं बेंगळूरच्या निम्म्या कॉलेजांत हा अल्बम पोचला तो अक्कांच्या हाकेसकट. आणि पोरांना वाटलं काय? बँडनंच घातली आहे! एका हॉस्टेलच्या वार्षिक अंकात एका विद्वानानं लेख लिहिला, की तिसऱ्या गाण्यातला अज्ञात स्त्रीचा आक्रोश म्हणजे यंत्रयुगाविरुद्ध माणसाचा टाहो आहे. हा लेखक आज मागच्या रांगेत बसला आहे. लाजू नका, स्वामी. तुम्ही फार चुकला नव्हता. गॅस बंद करायला कुणी नव्हतं, हा टाहोच होता.

पुढं एकदा अण्णांना कुठूनतरी स्वच्छ कॅसेट मिळाली. त्यांनी कौतुकानं त्यावरून भरून दिली. गिऱ्हाइकं भांडायला परत! "अण्णा, बाई एल्ली?" बाई कुठं गेली? अण्णांनी मुकाट्यानं जुनीवरून भरायला सुरुवात केली.

मी अथणीकडचा. नोकरीसाठी या शहरात आलो तेव्हा खोलीत मी आणि हा गुंडो. कारखान्यात हिंदी, रस्त्यावर कानडी, साहेबाशी इंग्रजी. मराठी बोलायला आम्ही दोघंच, आणि दोघांचे विषय आठवड्यात संपले. अशात गुंडोनं ही कॅसेट आणली. तिसरं गाणं आलं, वाद्यं थांबली, आणि आमच्या खोलीत एक मराठी बाई ओरडली. मित्रहो, मला भरून आलं. खरंच सांगतो. मी उठून उभा राहिलो. गुंडो तर गॅसकडं धावला, आणि आमच्याकडं गॅस नव्हताच. ही बाई कोण? याच शहरात आहे की काय? आम्ही किती जणांना विचारलं असेल! मग आम्ही अशा वेड्यांचं एक श्रोता मंडळ काढलं. दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी जमायचं, चपला बाहेर काढायच्या, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. एकच रिवाज. दुसरं गाणं लागलं की यजमानानं गॅसवर दूध ठेवायचं, आणि तिसऱ्या गाण्यात सगळ्यांनी मिळून ती हाक मारायची. त्याच दुधाची कॉफी. आमच्यातले कानडी, तमिळ, एक बंगाली, सगळे अगदी शुद्ध सुरात "दूध उक्कलं रे" म्हणतात. या मंडळाच्या मराठीच्या वर्गांना पंचवीस वर्षांत जमलं नाही ते आहे हे. माफ करा, अध्यक्ष महाराज.

आता गुंडोची वास्तुशांत ऐका. होसकोट्याला त्यानं घर बांधलं. आपल्याकडं वास्तुशांतीला नव्या चुलीवर दूध उतू जाऊ देतात, शुभ मानतात. गुंडो क्वालिटी कंट्रोलमधला माणूस. त्यानं आधी चार दिवस दुधावर प्रयोग केले, आच किती ठेवायची ते ठरवलं. आणि त्या दिवशी भटजींचे मंत्र एकीकडं, तिसरं गाणं दुसरीकडं, वाद्यं थांबली, हाक झाली आणि त्याच क्षणी पातेल्यावरून फेस खाली आला. भटजी हात जोडून म्हणाले, "असा मुहूर्त मी आजवर साधलेला पाहिला नाही." त्यानंतर त्या भटजींनी आणखी दोन वास्तुशांतींना आमच्याकडं कॅसेट मागितली आहे.

पण अक्का सापडल्या कशा?

गिरीची आणि माझी ओळख इथंच, मंडळाच्या गणपतीत झाली. घरी जायला लागलो. अक्कांच्या हातचं सारू, म्हणजे पातळ आमटी, आणि नाचणीचे मुद्दे खाल्ले. पण एक गोष्ट मला विचित्र वाटायची. या घरात अक्का कधी हाक मारत नसत. जेवण झालं की त्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पळी वाजवत. टक टक. गिरी वर असला तरी पळी. मला वाटलं, घराण्याची रीत असेल. जुनी माणसं, शहाजीराजांबरोबर आलेली, असेल काही दरबारी पद्धत!

एके दिवशी मी आणि गिरी बाहेरच्या खोलीत कॉफी पीत होतो. टेपवर त्याची कुठलीतरी गाणी चालू होती. वीज गेली. या शहरात ती जातेच. पंखा थांबला, टेप थांबला. आणि आतून आवाज आला, "गिरीऽऽ! मेणबत्ती कुठं ठेवलायस रे?"

माझ्या हातातला पेला खाली पडला. तोच आवाज! तोच 'गिरी', तशीच लांबलेली 'री'. मी किंचाळून गिरीला म्हणालो, "बाई सापडली!" तो बिचारा घाबरला. त्याला काही माहीतच नव्हतं. देऊन टाकलेली कॅसेट गावभर झाली आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता.

त्या रात्री आमच्या मंडळींत दिवाळी झाली. आम्ही धावत जाऊन अक्कांना सांगितलं. त्यांनी काय करावं? आम्हाला बेसनाचे लाडू दिले आणि म्हणाल्या, "चांगली पोरं आहात. माझी चूक झाकायला बघता." आम्ही शपथा घेतल्या, नागोजीअण्णांना घेऊन गेलो, कॅसेट ऐकवली. त्या पदर डोळ्याला लावून आत गेल्या. त्यांना ऐकवेना. त्यांच्या लेखी ते मुलाचं बिघडवलेलं गाणं होतं आणि आम्ही त्यांचं मन राखत होतो.

मागच्या वर्षी एकाच्या मेव्हण्यानं इंग्लंडहून ही सीडी आणली. अस्सल, स्वच्छ. आम्ही सगळे नवे कपडे घालून बसलो. काय तो आवाज! पहिल्यांदा कळलं की मागं एक बारीक घंटी वाजते. तिसरं गाणं आलं. वाद्यं थांबली. आणि काही नाही. नुसती शांतता. आमच्यातला एकही जण ओरडला नाही, सगळे तिची वाट बघत बसले. ड्रम आला तो पोकळ वाटला. गुंडोनं सीडी काढली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासली आणि गंभीरपणे म्हणाला, "माल डिफेक्टिव्ह आहे. परत पाठवा."

अक्का, तुम्ही हसताय. हे मी तुम्हाला आधीही सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही हसला नव्हता.

आता मी वचन मोडणार आहे. गिरीची पुण्याला बदली झाली, पुढच्या आठवड्यात सगळे निघणार. मी सामान बांधायला गेलो होतो. भांड्यांच्या खोक्यात अक्कांनी ती पळी सगळ्यात वर ठेवली. म्हणाल्या, तिकडं गेल्या गेल्या लागेल. मी विचारलं, "अक्का, ही पळी का वाजवता तुम्ही?" त्या म्हणाल्या, "टेप चालू असतं की रे कधी कधी. एकदा लेकराचं वाटोळं केलं, परत कशाला? कधी भरत असेल तो, आपल्याला काय कळतं? करंट नसला की मग मारते हाक, स्वल्प बरं वाटतं." आणि म्हणाल्या, "हे गिरीला सांगू नको हां, हणमंता."

गिरी, तुला वाटत होतं आईला वयामुळं ओरडवत नाही. तूच मला तसं सांगितलंस. ते तसं नव्हतं बाबा. आईच्या हाकेसाठी तुझ्या घरातली वीज जावी लागत होती. चारचौघांत सांगितलं म्हणून घरी गेल्यावर मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण ती पळी पुण्याला जाता कामा नये. म्हणून हा समारंभ. निरोपाची भाषणं वगैरे सगळं निमित्त.

अक्का, तुमच्या मनात आहे की तुम्ही एका पोराचं गाणं बिघडवलंत. इकडं बघा. हे मागचे दोन रांगा भरून बसलेले लोक. हा शिवाजीनगरचा, ही जयनगरची, हा मद्रासहून काल रात्रीच्या गाडीनं आला. यांना तुम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. घरापासून लांब, खोल्यांमध्ये, हॉस्टेलांमध्ये, यांनी तुमची हाक ऐकली आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्याला कुणीतरी आतून बोलावतंय. इंग्लंडच्या त्या चार पोरांनी फार सुंदर गाणं केलं. पण त्यात आई नव्हती. ती आमच्या कॅसेटमध्ये होती. आम्ही भाग्यवान आहोत, आणखी काय सांगू?

पुण्यात तुमच्या मराठीला लोक हसतील. 'उक्कलं' म्हणालात की विचारतील, म्हणजे काय? खुशाल हसू दे. साडेतीनशे वर्षं बाहेर राहून परत येणाऱ्या माणसाचं तिथं स्वागत व्हायला हवं. नाही झालं तर इथं आम्ही आहोत, लगेच गाडीत बसा.

आता आभार. हॉल दिला म्हणून मंडळाचे, हारावरून मन मोठं केलं म्हणून अध्यक्षांचे, मालात हात घातला नाही म्हणून नागोजीअण्णांचे. दहा मिनिटांची वीस झाली ती पोटात घाला. बोलताना काही वेडंवाकडं गेलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, मधेच काही आगंतुक आवाज आला असेल, तर एवढीच विनंती, तो पुसू नका. आमच्या अनुभवात तोच पुढं टिकतो.

आणि शेवटचं. गुंडो आता सीडी लावेल. तिसरं गाणं. ही स्वच्छ सीडी आहे, यात हाक नाही. मागच्या रांगा, तुम्ही कुणी ओरडायचं नाही, यारू कूगबारदु, अगदी तोंडावर हात ठेवा. माईक अक्कांच्या समोर ठेवतो. अक्का, जबरदस्ती नाही. तुम्हाला वाटलं तर हाक मारा, नाही वाटलं तर जागा रिकामी राहील आणि आम्ही तसाच नमस्कार करू. लाव, गुंडो.

हे सुरू झालं. ही बास. आता तो कुरकुरायला लागला. अजून नाही. मान हलवू नका अक्का, नुसतं ऐका. हं. आता थांबेल.

...

ऐकलंत? ऐकलंत ना सगळ्यांनी? शरच्चंद्रराव, तुम्ही उभे का राहिलात? बसा, बसा. नाही, उभेच राहा!

बाहेर वाढपी उभे आहेत, त्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून मीच सांगतो. आपल्या अक्का, वीज चालू असताना, गाणं चालू असताना, माईक बाजूला सारून म्हणाल्या, "गिरीऽऽ! जेवायला ये रे, सारू गार होतंय!"

दुधाचं काही बोलल्याच नाहीत. ड्रम मात्र बरोबर वेळेवर आला.

गिरी, उभा काय राहिलास? आई बोलावते आहे. पुढं ये. चला मंडळी, पानं मांडली आहेत.